पौषातली पायपीट

कापडाचा धंदा बसून चालतो. गिऱ्हाईक पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतं, नोकर समोर बसून ठाणामागून ठाण उलगडतो, आणि मालक गल्ल्याजवळ तक्क्याला टेकून बसतो. जो मालक जास्त वेळ बसतो त्याचं दुकान जास्त चालतं, असं धुळ्याच्या आग्रा रोडवरचे सगळे व्यापारी मानतात. त्याच रस्त्यावर आमचं दुकान होतं, आणि दुकानाचे मालक, माझे सासरे पारसमलजी, यांना बसता येत नव्हतं.

सगळा बाजार त्यांना भाऊ म्हणायचा. आम्हीही भाऊच म्हणायचो. गल्ल्याजवळची त्यांची गादी वर्षानुवर्षं नव्यासारखी होती. पिंपळनेरकडून एखादं कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं की भाऊ त्यांना पाणी देत, पोरांना गोळ्या देत, नवरीच्या आईला शालू दाखवता दाखवता दुकानाच्या दारापर्यंत चार चकरा मारून येत. बस्ता बांधून झाला की गठ्ठा स्वतः खांद्यावर घेऊन एसटी स्टँडपर्यंत सोडायला जात. जेवायचेही उभ्यानं, खिडकीत ताट ठेवून. पेपर गल्लीत चालत वाचायचे, आणि मोटरसायकली त्यांना वळसा घालून जायच्या.

"भाऊ, बसा ना जरा," असं कुणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "बसून काय दिसतं? चला, जरा पुढं बघून येऊ."

माझं लग्न या वाक्यामुळे झालं. मी एरंडोलची, पाटलांची. नीलेश आणि मी जळगावच्या कॉलेजात भेटलो. मारवाडी जैनाच्या घरात लेक द्यायला माझ्या वडिलांचा साफ विरोध होता, आणि ते धुळ्याला आले तेच मुळी नाही म्हणायला. दुकानात पाय ठेवला, अजून चप्पल काढायची होती, तेवढ्यात भाऊ पुढे आले आणि म्हणाले, "आबा, चला, जरा फिरून येऊ."

दोघं पांझरेच्या काठानं गेले, तिथून लळिंगच्या दिशेला लागले. दुपारी परत आले तेव्हा माझ्या वडिलांच्या चपला त्यांच्या हातात होत्या. घरी आल्यावर माझ्या आईनं विचारलं, काय बोलणं झालं? आबा पाय गरम पाण्यात सोडून बसले होते. म्हणाले, "त्यानी लगीननं नाव बी काढं नही. कपाशीनं इचारं, तुनं इचारं, पोर सायकल कशी शिकनी ते इचारं." मग म्हणाले, "पाय बठ्ठा सोलाई ग्यात. पन माणूस चांगला शे."

पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर आमचं लग्न झालं.

सासरी आल्यावर मला कळलं की या माणसाच्या उलट टोकाला एक बाई बसलेली आहे. माझ्या सासूबाई, ताराबाई. त्यांना मीही आईच म्हणायला लागले. त्यांना बसणं येत होतं. रोज सकाळी त्या लोकरीचं आसन टाकून सामायिक करायच्या. सामायिक म्हणजे दोन घटका एका जागी स्थिर बसायचं, हलायचं नाही, उठायचं नाही, मनात राग-लोभ आणायचा नाही. भाऊंना उभ्या जन्मात एक सामायिक पुरं करता आलं नाही. ते जैन स्थानकात बसायचे आणि थोड्याच वेळात चपला शोधायला लागायचे. आई हसून म्हणायच्या, "यांच्या पायाला भिंगरी आहे. मी बसते दोघांच्या वाटचं."

रविवारी मात्र भाऊ सगळ्या घराला बाहेर काढायचे. कधी सोनगीरचा किल्ला, कधी लळिंग. आई किल्ल्याच्या पायथ्याशी बसायच्या, आम्ही वर चढायचो. वर पोचलो की भाऊ पलीकडची टेकडी दाखवायचे आणि विचारायचे, "तिच्या मागं काय असंल?"

मग माझ्या नणंदेचं, पूजाचं, लग्न झालं. जावई डॉक्टर, आणि त्यांची नेमणूक झाली थेट अंदमानात, पोर्ट ब्लेअरहून बोटीनं जायच्या एका लहान बेटावरच्या सरकारी दवाखान्यात. लेक एवढ्या लांब गेली म्हणून आई रडल्या. भाऊंनी भिंतीवरच्या नकाशात ते बेट शोधलं. नकाशावर तो एक ठिपका होता. भाऊ म्हणाले, "याला तर चारी बाजूंनी किनारा आहे. पार फिरता येईल."

आम्ही जायला लागलो ते पौषात. पौषात लग्नं नसतात, बाजार थंड असतो, दुकान नोकरांवर टाकता येतं. पहिल्या वर्षी भाऊ, आई, नीलेश आणि मी असे निघालो. बोटीवर सगळे उलट्या करत होते आणि भाऊ डेकवर येरझाऱ्या घालत होते.

तिथे पहिली अडचण केली सूर्यानं. तो पहाटे भराभर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आतबाहेर मावळतो. आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही. म्हणजे चारला घरी पोचायला हवं, हातपाय धुऊन ताटावर यायला हवं. भाऊंना हा अन्याय वाटायचा. "धुळ्याचा सूर्य बरा, माणसाला फिरू तर देतो," असं ते जावयाला सांगायचे, जणू जावयानंच सूर्य लवकर मावळायची व्यवस्था केली होती.

दुसरी अडचण जिवांची. पहिल्या सकाळी ओहोटी होती. पाणी खूप आत गेलेलं, खडकाळ तळ उघडा पडलेला. भाऊ आपल्या नेहमीच्या झपाट्यानं निघाले आणि एकदम थांबले. एक पाय वर, एक खाली. त्यांच्या पावलाखालचे खडे चालत होते. ते शंख पाठीवर घेतलेले खेकडे होते, शेकड्यांनी, बोराएवढे. डबक्यांत निळे मासे होते, काळी लांबट लोळणारी काहीतरी जनावरं होती, खडकाला चिकटलेल्या शिंपल्या उघडझाप करत होत्या. भाऊ घाबरले की खूप आनंदले की दोन्ही, ते अहिराणीतच ओरडले, "आठे ते बठ्ठा जित्ता शेतस!" इथे तर सगळंच जिवंत होतं.

मुंगीसुद्धा चुकवून चालणारा माणूस. त्या दिवशी ते खडकावरून मागे कसे आले ते बघण्यासारखं होतं, एकेक पाऊल निवडत, हात पसरून. नंतर त्यांनी ओल्या वाळूची पट्टी धरली, जिथे लाट नुकतीच येऊन गेलेली असते. तिथेही पांढरे खेकडे पळायचे, पण ते भाऊंपेक्षा चपळ होते.

मग रोजचा क्रम ठरला. पहाटे पूजा खाकरे आणि मेथीच्या दशम्या बांधून द्यायची. पुढे भाऊ, मागे नीलेश, मग पूजा आणि मी, आणि सगळ्यात मागे, गुडघे सांभाळत, आई. किनारा सुरू होतो तिथे एक मोठं झाड होतं, त्याच्या फांद्या वाळूपर्यंत वाकलेल्या. आई तिथे आसन टाकायच्या. "जा तुम्ही. मी इथंच आहे." आणि आम्ही जायचो, तासन्‌तास, वळणामागून वळण.

आम्हाला खूप काही दिसायचं. एका सकाळी समुद्रातून हरणं बाहेर आली, चक्क चितळं, पोहत आलेली, अंग झटकून झाडीत गेली. कुणीतरी पूर्वी बाहेरून आणून सोडलेली आहेत, असं जावयांनी सांगितलं तेव्हा भाऊंनी मान हलवली. "आमचे आजोबा पण राजस्थानातून असेच आले. आता आमच्याइतका खान्देशी कोण आहे?"

पण खरं दिसायचं ते आईंना. आम्ही पाय मोडून परत यायचो, आणि त्या झाडाखाली बसून सांगायच्या, "एक घोरपड आली होती, माणसाएवढी लांब. माझ्याकडे बघितलं, जीभ काढली, गेली." दुसऱ्या दिवशी समुद्री गरुडानं त्यांच्यासमोर पाण्यातून साप उचलला. भाऊ दर वेळी चडफडायचे. "आम्ही एवढं चाललो, आम्हाला का नाही दिसलं?"

दुसऱ्या वर्षी तर कहर झाला. बेटावरच्या बंगाली कोळ्यांकडून भाऊंनी पानी सूअरबद्दल ऐकलं होतं. आपण ज्याला समुद्रगाय म्हणतो तो प्राणी. उथळ पाण्यात गवत खातो, फारच क्वचित दिसतो. पंधरवडाभर भाऊंनी आम्हाला त्याच्या मागे फिरवलं. शेवटच्या दिवशी आम्ही हात हलवत परतलो तर आई म्हणाल्या, "म्हशीसारखं थोबाड होतं. वर यायचं, फुस्स करून श्वास सोडायचं, परत खाली जायचं. बराच वेळ इथंच चरत होतं."

भाऊ पाण्याकडे बघत राहिले. पाणी सपाट होतं.

"मला हाक का नाही मारली?"

"सामायिकात होते. आणि तुम्ही कुठं होतात, हाकेच्या पलीकडं."

तिसऱ्या वर्षी ती गोष्ट घडली.

किनाऱ्याच्या दक्षिणेला एक काळं टोक होतं. भरती असताना त्याला वळसा घालता येत नव्हता, ओहोटीला खडकांवरून जाता येत होतं. भाऊंना त्याच्या पलीकडे काय आहे ते बघायचं होतं. जावई म्हणाले, पाणी लवकर वाढतं, सांभाळून. त्या दिवशी त्यांना दवाखाना होता, ते आले नाहीत. आम्ही आईंना झाडाखाली बसवलं. झाडापासून बऱ्याच अंतरावर एक खाडी समुद्राला मिळत होती, तिथे मगरींपासून सावध राहायची पाटी होती. ती पाटी आम्ही तीन वर्षं बघत होतो. मगर कधी बघितली नव्हती.

टोकाजवळ पोचलो तेव्हाच पाणी चढायला लागलं होतं. नीलेश म्हणाला, "भाऊ, परत फिरू." भाऊ म्हणाले, "एवढं वळण. एवढंच." निम्म्या वाटेवर लाट कमरेला लागली. पूजा घसरली, तिचा गुडघा फुटला. पुढे जाता येईना आणि आलो ती वाटही पाण्याखाली गेली. शेवटी खडक चढून जंगलात शिरलो आणि वेली तोडत, काट्यांत अडकत परत यायला निघालो. भाऊ सगळ्यांच्या पुढे होते.

झाडीतून किनाऱ्यावर उतरलो तेव्हा मला आधी आई दिसल्या. आसनावर ताठ, डोळे मिटलेले. मग त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये वाळूवर एक ओंडका दिसला. आम्ही गेलो तेव्हा तो तिथे नव्हता. पूजानं माझा दंड घट्ट धरला. ओंडक्यानं तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

भाऊ धावले. "तारा!" अशी हाक त्यांच्या तोंडून निम्मीच निघाली. आईंनी डोळे उघडले नाहीत, फक्त उजवा तळहात मांडीवरून जरासा वर केला. थांबा.

भाऊ थांबले. मी त्या माणसाला तसं थांबलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. पाऊल हललं नाही. नीलेशनं एक वाळकी फांदी उचलली आणि ती हातात धरून नुसता उभा राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मगरीनं तोंड मिटलं, अंग वळवलं आणि ती सावकाश पाण्यात उतरली. वाळूवर तिच्या शेपटीची रेघ तेवढी राहिली.

आईंनी सामायिक पुरं केलं. पाठ म्हणून संपवला, मग आसन गुंडाळलं. भाऊ त्यांच्यासमोर जाऊन वाळूत कोसळल्यासारखे बसले होते आणि हमसून रडत होते. आईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "मी हलले नाही म्हणून ती पण हलली नाही. रडता कशाला? चला, जेवायची वेळ टळेल."

त्या दिवसापासून भाऊंचं चालणं बिघडलं. ते निघायचे, दहा पावलं जायचे आणि मागे वळून बघायचे. धुळ्यातही तेच. स्टँडकडे निघून अर्ध्यातून परत येत, घराच्या जिन्यातून हाक मारत, "तारा?" वरून "आहे हो," असं आलं की परत निघत. दिवसातून कितीदा. बेचैनी आधीही होती, पण आधी ती त्यांना पुढे ओढत होती. आता ती दोन्हीकडून ओढत होती. बाजारातले लोक म्हणायला लागले, भाऊ थकले. ते थकले नव्हते.

आईंना ते सहन होईना. पुढच्या पौषात आम्ही बेटावर गेलो तेव्हा त्यांनी किनाऱ्यावर यायलाच नकार दिला. पूजाच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आसन टाकलं आणि भाऊंना म्हणाल्या, "इथं मगर येत नाही. दवाखान्यात पन्नास माणसं आहेत. आता मला राखू नका. ते टोक राहिलंय ना तुमचं? जाऊन या. सुनेला न्या सोबत, ती शहाणी आहे."

आम्ही ओहोटीची वेळ विचारून गेलो. भाऊ सुरुवातीला मागे बघत होते, मग कमी, मग नाही. खडकांवरून वळसा घातला. पलीकडे एक लहानशी पुळण होती, पांढरी स्वच्छ, तिच्यावर एकही पाऊल नाही. आणि तिच्या शेवटी, पहिल्यासारखंच, आणखी एक काळं टोक. भाऊ बघत राहिले. मला वाटलं निराश झाले. पण ते हसत होते.

परत आल्यावर आईंनी विचारलं, "काय होतं हो पलीकडं?"

"अजून एक टोक."

आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पूजानं पाणी दिलं. त्या डोळे पुसत परत परत म्हणत होत्या, "अजून एक टोक! अरे देवा."

त्याच वर्षी, पर्युषणाच्या आधी, आई गेल्या. साधा ताप होता, तो छातीत उतरला. धुळ्याच्या हॉस्पिटलात आम्ही आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसत होतो. भाऊ बाहेरच्या व्हरांड्यात फिरायचे. नर्सनं दोनदा सांगितलं, आजोबा, बसून घ्या. ते जिना उतरून आवारात जाऊन फिरायला लागले. आई गेल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. नीलेश भाऊंना शोधायला खाली धावला. ते गेटपाशी होते, परत फिरत होते.

त्यानंतर ते दुकानात यायचे, गादीला हात न लावता परत जायचे. आम्ही ठरवलं की यंदा अंदमान नको. पौष लागला आणि एका सकाळी भाऊ घरात नव्हते. दुपारी मुंबईहून त्यांचा फोन आला. "विमानाला अजून वेळ आहे, तोवर फिरतोय. पूजाला कळवा."

ते पंधरा दिवसांसाठी गेले असतील असं वाटलं होतं. फाल्गुन आला तरी येण्याचं नाव नाही. लग्नसराई तोंडावर होती, नीलेशला दुकान सोडता येईना, म्हणून त्यांना आणायला मी गेले.

पूजा म्हणाली, किनाऱ्यावर असतील. ते त्या झाडाजवळ होते. झाडाखाली आईंचं लोकरीचं आसन टाकलेलं होतं, आणि भाऊ त्याच्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. वाळूत त्यांच्या पायांनी चर पडला होता. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"तिच्या नावानं एक सामायिक करावं म्हणतो," ते म्हणाले. "रोज बसतो. थोडा वेळ होतं, मग पाय उठतात. ती कशी बसायची गं?"

मी म्हटलं, "भाऊ, घरी चला."

ते चालतच होते. मीही त्यांच्या बरोबरीनं चालायला लागले, नाहीतर बोलणं होईना.

"मी गेटपाशी होतो," ते एकदम म्हणाले.

"त्यांना माहीत होतं तुम्ही फिरताय ते. मला म्हणाल्या, भाऊ खाली असतील, त्यांना हाक मारू नको. आपले आपण येतील."

"असं म्हणाली?"

"हो."

त्या खरंच तसं म्हणाल्या होत्या. भाऊ थोडं पुढे गेले, परत आले. "तिथं दुकानात सगळे बसलेले असतात, बेटा," ते म्हणाले. "माझा तिथं श्वास कोंडतो. इथं राहू दे."

मी दोन दिवस राहिले. त्यांना पुन्हा विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते बेटावरच वारले, सकाळी फिरून आल्यावर, पूजाच्या अंगणात बूट काढता काढता. समुद्र खवळलेला होता, बोटी बंद होत्या. नीलेश पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पूजानं आसन आणि बूट त्याच्याकडे दिले.

त्या फाल्गुनात मी बेटावरून निघाले त्या सकाळी ते मला धक्क्यावर सोडायला आले होते. माझी पिशवी त्यांनी खांद्यावर घेतली होती. बोट सुटायला वेळ होता, पण ते थांबले नाहीत. पिशवी खाली ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, "नीलेशला सांग, लग्नसराईत जास्तीचे दोन नोकर घे," एवढं म्हणाले आणि वळून गेले. मला वाईट वाटलं. बाकी सगळ्यांची माणसं धक्क्यावर उभी राहून हात हलवत होती.

बोट सुटली आणि किनाऱ्याला समांतर चालायला लागली. तेव्हा ते मला दिसले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, वाळूवरून झपाझपा, बोटीच्या बरोबरीनं. मी कठड्यापाशी जाऊन हात हलवला, हाका मारल्या. त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या बंगाली बाईनं विचारलं, "आपके कौन हैं?"

"ससुर हैं," मी म्हटलं.

पुढे वाळू संपली आणि खडक आले. मला वाटलं, आता थांबतील, बोटीकडे बघतील. ते वाकले, बूट काढून हातात घेतले आणि पाण्यात उतरून खडकाला वळसा घालायला लागले. गुडघ्याच्या वर पाणी होतं. एक लाट आली, ते खडकाला धरून थांबले, मग परत पाय उचलला. बोट तिथेच खुल्या समुद्राकडे वळली.